नव्या गाडीतला दोष कंपनी मान्य करत नाही तेव्हा काय, कधी आणि कोणत्या क्रमाने करायचं

मिरग लागला की माझ्याकडे ठरावीक फोन सुरू होतात. गाडी घेऊन वर्ष-दीड वर्ष झालेलं असतं. पायाखालचं मॅटिंग ओलं, काचांना आतून वाफ, गाडीत कोंदट वास. वर्कशॉपच्या चार फेऱ्या झालेल्या असतात आणि दर वेळी "काका, गाडी बरी आसा" एवढंच ऐकून माणूस परत आलेला असतो. मी पहिला प्रश्न विचारतो, चारही वेळची जॉब कार्डं (गाडी जमा करताना वर्कशॉप तक्रार आणि काम नोंदवून देतं तो कागद) आहेत का? बहुतेकांची दोन हरवलेली असतात, एक मिळालेलंच नसतं आणि चौथ्यावर 'जनरल चेकअप' लिहिलेलं असतं.

माझ्या स्वतःच्या गाडीचं हेच झालं. पहिल्या पावसाळ्यात तीनदा पाणी दाखवलं, तिन्ही वेळा तोंडी. वॉरंटी संपल्यावर कंपनीचं पत्र आलं की आमच्या नोंदीप्रमाणे तुमची पहिली तक्रार वॉरंटीनंतरची आहे. पत्रात खोटं काहीच नव्हतं, कारण नोंदीत खरोखरच काही नव्हतं. तेव्हापासून देवगड, कणकवली, मालवण भागातल्या बऱ्याच जणांची कागदपत्रं मी लावून दिली आहेत. सगळ्यांची चूक एकच, ती म्हणजे क्रम. आधी भांडण, मग ओळखीच्या मेकॅनिककडून दुरुस्ती आणि शेवटी कागदांची शोधाशोध. हा क्रम उलटा करायचा आहे.

भारतात सदोष गाडी परत घ्यायला लावणारा वेगळा कायदा नाही. जे काही मिळतं ते ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली मिळतं, आणि तिथे दोष सिद्ध करायची जबाबदारी मुख्यतः आपल्यावर असते. म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीचा रोख पुराव्यावर आहे.

पायरी १: दोष कोणाच्या खात्यात जातो ते आधी स्वतः तपासा

ही पायरी सगळे गाळतात. कोकणात गाडीला होणारा प्रत्येक त्रास कंपनीचा दोष नसतो, पण कंपनी मात्र प्रत्येक त्रासाला "समुद्राची हवा" म्हणते. दोन्हीतला फरक आपल्याला करता आला पाहिजे.

आत येणारं पाणी. सर्वांत जास्त तक्रारी याच्याच. पाणी येण्याच्या वाटा ठरलेल्या असतात: एसीच्या पाण्याची नळी तुंबणे, वायपरखालच्या जाळीत पाला अडकणे, सनरूफच्या कोपऱ्यांतल्या निचऱ्याच्या नळ्या तुंबणे, पुढच्या काचेचं सीलिंग, दाराच्या आतला प्लास्टिकचा पडदा सुटणे, आणि इंजिनाकडून आत येणाऱ्या वायरिंगभोवतीचा रबरी बूच नीट न बसणे. पहिल्या तीन वाटा देखभालीच्या आहेत. गाडी आंब्या-फणसाखाली उभी राहत असेल तर कंपनी बोट तिकडेच दाखवणार. पुढच्या तीन वाटा बहुधा जोडणीच्या किंवा भागाच्या दोषाच्या असतात, मधल्या काळात काच बदललेली किंवा दार उघडून काम केलेलं नसेल तर.

एसीचं पाणी वेगळं काढायला सोपी चाचणी आहे. दोन दिवस पावसात एसी पूर्ण बंद ठेवून गाडी चालवा. तरी मॅटिंग ओलं झालं तर पाणी एसीचं नाही हे ठरलं. मग मॅटिंग उचलून कोरडं करा, डॅशबोर्डच्या खालच्या कडेला आणि दाराच्या पट्टीवर टाल्कम पावडर भुरभुरा आणि गाडीवर पाणी सोडा. पावडरीवर ओघळ उठतो आणि वाट दिसते. हे करताना मोबाइलवर सलग चित्रीकरण चालू ठेवा.

मे महिन्यातच वर्कशॉपमधून जाळी आणि निचऱ्याच्या नळ्या साफ करून घ्या आणि तसं जॉब कार्डावर लिहून घ्या. त्यानंतरही जूनमध्ये पाणी आलं तर "पाला अडकला होता" म्हणायला जागा राहत नाही. दोन-पाचशे रुपयांत इतका मोलाचा पुरावा दुसरा मिळत नाही.

गंज. वॉरंटीची पुस्तिका काढा आणि गंजाचा भाग सावकाश वाचा. बहुतेक कंपन्या पृष्ठभागावरचा गंज आणि पत्र्याला आतून पडलेलं भोक यांत फरक करतात, आणि खारी हवा, पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक अपवादांत टाकतात. तरीही गंज कुठे आहे याला महत्त्व आहे. दगड लागून रंग उडालेल्या जागी गंज असेल तर दावा कमकुवत. पत्र्यांच्या जोडात, सीलंटखाली, बिजागरीच्या आत, जिथे दगड पोचतच नाही तिथे असेल तर दावा भक्कम. गाडी कधी पुळणीवर, लाटांत उतरवली असेल तर गंजाचा मुद्दा पुढे करू नका; तसे फोटो समाजमाध्यमांवर असतील तर ते समोरच्याला सापडतात.

वायरिंग. उंदराने कुरतडलेल्या वायरी वॉरंटीत येत नाहीत. वर्कशॉप "उंदीर" म्हणत असेल तर कुरतडलेल्या जागेचा फोटो मागा. फोटो देत नसतील तर तेच मेलवर विचारा.

क्लच आणि ब्रेक. फोंडा, आंबोली, गगनबावडा हे घाट रोज चढणाऱ्याचा क्लच लवकर झिजतो आणि झीज वॉरंटीत नसते. झीज आणि थरथर या मात्र वेगळ्या गोष्टी. शंका असेल तर त्याच मॉडेलची, साधारण तितकीच चाललेली दुसरी गाडी त्याच दिवशी त्याच रस्त्यावर चालवून पाहायला मिळावी, अशी लेखी विनंती करा.

पुराच्या पाण्यात बंद पडलेलं इंजिन विम्याकडे न्यायचं, कंपनीकडे नाही. ते पुन्हा चालू करून बघू नका.

> तपासा: तुमची तक्रार देखभाल, झीज, अपघात, उंदीर, पूर यांपैकी कशात बसते का? बसत असेल तर इथेच थांबा. एक कच्चा मुद्दा यादीत घातला की पक्के मुद्देही संशयास्पद दिसतात.

पायरी २: फाइल लावा

जाड फाइल घ्या आणि तारखेच्या क्रमाने लावा: बुकिंगची पावती, कराचं बीजक, फॉर्म २२ (गाडी रस्त्यायोग्य असल्याचं उत्पादकाचं प्रमाणपत्र), ताबा घेतानाची पत्रं, आरसी, विमा, वॉरंटीची पुस्तिका, एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली असेल तर तिचा कागद, सगळी जॉब कार्डं आणि बिलं. आरसीवरचा उत्पादनाचा महिना आणि वर्ष बीजकाशी ताडून पाहा. एक्स्टेंडेड वॉरंटी कंपनीची आहे, डीलरची की तिसऱ्याच कुणाची, हेही पाहा. जबाबदार कोण ते त्यावर ठरतं.

जुनी जॉब कार्डं हरवली असतील तर घाबरू नका. वर्कशॉपच्या संगणकात गाडीचा सर्व्हिस इतिहास असतो. 'चासी क्रमांक अमुक, संपूर्ण दुरुस्ती इतिहास आणि सर्व जॉब कार्डांच्या प्रती द्याव्यात' असा मेल वर्कशॉप आणि कंपनी दोघांना पाठवा. वाद पेटण्याआधी हा मेल गेला तर प्रती सहज मिळतात.

चाकरमान्यांसाठी खास. गाडी गावच्या घरी उभी, गणपती, शिमगा आणि मे महिन्यात तेवढी फिरते. किलोमीटर झाले नाहीत म्हणून सर्व्हिस पुढे ढकलली जाते. पण सर्व्हिसची अट 'किलोमीटर किंवा महिने, यांपैकी जे आधी होईल ते' अशी असते. एक सर्व्हिस चुकली की पहिला आक्षेप तोच येतो. महिने मोजा.

पायरी ३: जॉब कार्ड

या लेखातलं सगळं विसरलात तरी चालेल, ही पायरी विसरू नका. गाडीचा दोष कायद्याच्या नजरेत जन्माला येतो तो जॉब कार्डावर. त्याआधी तो फक्त तुमच्या घरातली चर्चा असतो.

गाडी वर्कशॉपला न्यायच्या आदल्या रात्री तक्रार कागदावर लिहा. निदान लिहू नका, लक्षण लिहा. 'गिअरबॉक्स खराब' हे निदान झालं. ते चुकलं तर तुम्हीच खोटे ठरता. 'थंड इंजिनावर सकाळी पहिल्या दहा मिनिटांत दुसऱ्यावरून तिसरा गिअर टाकताना करकर आवाज येतो, गाडी तापल्यावर येत नाही' हे लक्षण. पाण्याचं असेल तर असं लिहा: 'एसी बंद असताना, पाऊस चालू असताना, गाडी चढावर उभी केल्यावर चालकाशेजारच्या आसनापुढे पायाशी पाणी साचते. पहिल्यांदा १४ जूनला दिसले. आज तिसऱ्यांदा दाखवत आहे.'

'तिसऱ्यांदा' हा शब्द सर्वांत जड आहे. तोच दोष पुन्हा पुन्हा येतो आणि कंपनीला तो दुरुस्त करता येत नाही, हे दाखवायचा तुमच्याकडचा मार्ग म्हणजे एकाच भाषेतल्या तक्रारींची ओळीने लावलेली जॉब कार्डं. म्हणून दर वेळी तेच शब्द वापरा. एकदा 'आवाज', एकदा 'धक्का', एकदा 'पिकअप नाही' असं लिहिलंत तर समोरचा वकील त्या तीन वेगळ्या किरकोळ तक्रारी म्हणून मांडतो.

सर्व्हिस अॅडव्हायझर आपल्या संगणकात ठरावीक शब्दांतलं काहीतरी निवडतो. स्क्रीन बघायला मागा. तुमचं वाक्य नसेल तर घालायला सांगा. घालत नसेल तर छापील कार्डावर सहीशेजारी स्वतःच्या हाताने लिहा आणि फोटो काढा. टॅबवर सही घेत असतील तर वर्कशॉपच्या आवारातूनच, त्याच तासात, मेल करा: 'आज गाडी जमा केली, जॉब कार्ड क्रमांक अमुक, माझी तक्रार पुढीलप्रमाणे आहे, ती कार्डावर घेतलेली नाही.' त्याच दिवशीच्या मेलला जे वजन असतं ते महिन्याभरानंतरच्या आठवणीला नसतं.

गाडी परत घेताना दुसरा धोका. गेट पास हवा असेल तर 'काम समाधानकारक झाले' या ओळीखाली सही मागतात. घरी जायची घाई असते, शेवटची एसटी निघून गेलेली असते, आणि माणूस सही करतो. सही करा, पण शेजारी लिहा: 'तक्रार कायम. गाडी हक्क राखून ताब्यात घेतली.' काही ठिकाणी ओटीपी मागतात. तो देण्याआधी त्या संदेशात काय लिहिलंय ते वाचा.

दोन दिवसांनी कंपनीचा फोन येतो, दहापैकी किती गुण द्याल? अॅडव्हायझरने आधीच सांगून ठेवलेलं असतं, "काका, दहा द्या, नाहीतर माझं नुकसान होतं." तो मुलगा वाईट नसतो आणि आपल्याला त्याचं वाईट वाटतं. तरीही दहा देऊ नका. ते दहा नंतर 'समाधानी ग्राहक' म्हणून तुमच्यासमोर येऊ शकतात. त्याच्याशी चांगलं बोला, गुण मात्र खरे द्या.

> सावधान: बाहेरच्या मेकॅनिककडून दोष असलेला भाग उघडू नका. कुडाळच्या एका गृहस्थांनी वैतागून गिअरबॉक्स बाहेर उघडला, दोष सापडलाही. पण कंपनीने 'अनधिकृत हस्तक्षेप' म्हणून हात वर केले, आणि मूळ दोष काय होता ते दाखवायला काही उरलं नाही.

पायरी ४: 'ट्रायलला तक्रार आली नाही' याला उत्तर

हे वाक्य ऐकलं नाही असा गाडीमालक नसेल. वर्कशॉपचा माणूस सपाट रस्त्यावर दोन किलोमीटर फिरून येतो आणि नॉर्मल म्हणतो. उत्तर एकच, एकत्र ट्रायल. आधी लेखी मागणी करा की माझ्या उपस्थितीत, तक्रार जिथे येते त्या स्थितीत ट्रायल घ्यावी. दोष सकाळी थंड इंजिनावर येत असेल तर गाडी आदल्या रात्री तिथेच ठेवा आणि सकाळी पहिला स्टार्ट दोघांसमोर होऊ द्या. चढावर येत असेल तर चढावर चला.

पाण्यासाठी शॉवर टेस्ट मागा. पाइपने दोन मिनिटं टपावर पाणी सोडणं म्हणजे चाचणी नव्हे. आपल्याकडे पाऊस वाऱ्यासकट आडवा येतो आणि तासन्‌तास पडतो. पाणी किती वेळ, कोणत्या बाजूने सोडलं, गाडी सपाटीवर होती की नाक वर करून, हे कार्डावर लिहायला लावा.

चित्रीकरण सलग हवं. सुरुवातीला नंबर प्लेट, मग ओडोमीटर, मग दोष, मध्ये तुकडा न तोडता. मूळ फाइल फोनमधून काढून दोन ठिकाणी ठेवा. व्हॉट्सअॅपने पाठवलेली प्रत लहान होते आणि तिची मूळ माहिती जाते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडायचं असतं. मूळ फाइल आणि फोन जपलेला असेल तर ते अवघड नाही.

डॅशबोर्डवर दिवा लागला असेल तर स्कॅनिंगचा अहवाल छापून मागा. कोड (गाडीच्या संगणकाने नोंदवलेला दोषाचा क्रमांक) पुसून टाकण्याआधी मागा, नंतर तो मिळत नाही.

पायरी ५: कंपनीला लेखी, डीलरला प्रतीसह

डीलरशी तोंडी वाद घालत सहा महिने घालवू नका. एकाच दोषासाठी तिसरी फेरी झाली की कंपनीच्या ग्राहक सेवेला मेल करा आणि तक्रार क्रमांक घ्या. एक पानाचा मजकूर पुरे: गाडीचा तपशील, दोषाचं एक वाक्य, फेऱ्यांचा तक्ता (तारीख, किलोमीटर, जॉब कार्ड क्रमांक, काय केलं), आणि मागणी. रागाचे शब्द काढून टाका. हा मेल उद्या ग्राहक आयोगाचे सदस्य वाचणार आहेत, असं समजून लिहा.

याच मेलमध्ये एक प्रश्न हमखास घाला: 'या चासी क्रमांकावर कोणताही रिकॉल किंवा सर्व्हिस कॅम्पेन बाकी आहे का?' रिकॉल म्हणजे सदोष भाग बदलायला कंपनीने गाड्या परत बोलावणं. काही दोष कंपनीला आधीच ठाऊक असतात आणि गाडी वर्कशॉपला आली की न सांगता भाग बदलला जातो. लेखी विचारल्यावर लेखी 'नाही' म्हणणं त्यांना जड जातं. चासी क्रमांक टाकून रिकॉल तपासायची सोय बऱ्याच कंपन्यांच्या संकेतस्थळावर असते, तीही पाहा.

दोष ब्रेक, स्टीअरिंग, एअरबॅग, इंधनगळती असा सुरक्षेचा असेल तर आणखी एक दार आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम ११०-अ आलं आणि त्याखालचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सात वर्षांच्या आतल्या गाडीची तक्रार वाहन पोर्टलवर नोंदवता येते. ठरावीक संख्येने तक्रारी जमल्या की सरकार चौकशी करून रिकॉलचा आदेश देऊ शकतं. यातून तुमचे पैसे परत मिळत नाहीत, पण तुमच्या तक्रारीला साथीदार मिळतात.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही तक्रार नोंदवा. हेल्पलाइन आदेश देत नाही, तक्रार कंपनीकडे पाठवते. तरी पुष्कळदा इतके दिवस न फिरकलेला एरिया मॅनेजर त्यानंतरच फोन करतो.

> सावधान: कर्जाचा हप्ता थांबवू नका. 'गाडी वर्कशॉपमध्ये पडून आहे, मग हप्ता का भरू' हा राग समजण्यासारखा आहे, पण बँकेचा या भांडणाशी संबंध नाही. हप्ते थकले की वसुलीवाले तुमच्याच दारात येतात, आणि वादाची मुख्य वस्तूच हातातून जाते. विमाही चालू ठेवा.

पायरी ६: तज्ज्ञाचा अहवाल

'उत्पादनातला दोष' हा शब्द आपण वापरून भागत नाही, तो जाणकाराने म्हणावा लागतो. रत्नागिरी आणि मालवणला शासकीय तंत्रनिकेतन आहे. तिथल्या यंत्र विभागाला लेखी विचारा. परवानाधारक वाहन सर्वेक्षक हाही पर्याय आहे. अहवाल देणाऱ्याने स्वतःचं शिक्षण आणि अनुभव लिहावा, गाडी कधी, किती किलोमीटरवर, कोणासमोर तपासली ते लिहावं, आणि दोष देखभालीच्या अभावाने किंवा वापराने झालेला नाही असं का वाटतं याची कारणं द्यावीत. नुसतं 'गाडी सदोष आहे' अशा दोन ओळींच्या दाखल्याचा उपयोग नाही. तपासणीची तारीख कंपनीला आधी मेलने कळवा. ते आले नाहीत तरी 'आमच्या पाठीमागे तपासणी केली' असं म्हणता येत नाही.

आयोगापुढे गेल्यावर कायद्याच्या कलम ३८ खाली गाडी प्रयोगशाळेकडे किंवा तज्ज्ञाकडे पाठवा असा अर्जही करता येतो. तपासणीचं शुल्क आपल्याला आधी भरावं लागू शकतं.

दर वेळी तज्ज्ञ लागतोच असं नाही. जोराच्या धडकेत एअरबॅग उघडली नाही अशा एका प्रकरणात २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने ग्राहकाच्या बाजूने निकाल दिला. तिथे वस्तुस्थितीच बोलत होती. पण गिअरचा आवाज किंवा इंजिनची कमी ताकद हे तसं नव्हे, तिथे अहवाल हवाच.

पायरी ७: नोटीस

ग्राहक तक्रारीआधी नोटीस देणं कायद्याने सक्तीचं नाही, तरी द्या. वकिलाकडून किंवा स्वतःच्या सहीने, दोन्ही चालतं. डीलर, वर्कशॉप वेगळं असेल तर वर्कशॉप, आणि कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय, असे वेगळे पत्ते. स्पीड पोस्टाने पाठवा (२०२५ साली रजिस्टर्ड पोस्ट त्यातच विलीन झालं आहे), पावती ठेवा आणि पोचल्याची नोंद संकेतस्थळावरून लगेच छापून घ्या. मुदत १५ दिवसांची द्या.

मागणी ठोस करा. 'योग्य ती कारवाई करावी' ही मागणी नव्हे.

> तपासा: नोटिशीतला प्रत्येक आकडा आणि तारीख जॉब कार्डाशी जुळते का? एक तारीख चुकली तरी उलटतपासणी तिथूनच सुरू होते.

पायरी ८: जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार

मुदत दोन वर्षांची, तक्रारीचं कारण घडल्यापासून. इथे फार लोक फसतात. 'आमचा पत्रव्यवहार चालूच होता' म्हणून मुदत आपोआप वाढत नाही. उशीर झालाच तर विलंब माफीचा अर्ज कारणांसह द्यावा लागतो, आणि तो मंजूर होईलच असं नाही. पहिल्या जॉब कार्डाची तारीख धरून दोन वर्षं मोजा आणि त्याच्या आत दाखल करा.

कुठे? बीजकावर 'वाद फक्त अमुक शहरातील न्यायालयात' असं छापलेलं असलं तरी तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. २०१९ च्या कायद्याने दिलेली ही मोठी सोय आहे. सिंधुदुर्गवाल्यांना ओरोस, रत्नागिरीवाल्यांना रत्नागिरी, रायगडवाल्यांना अलिबाग. गाडी कोल्हापूरला किंवा गोव्यात घेतली असली तरी घाट चढून जायची गरज नाही. चाकरमान्यांनी पत्त्याचा पुरावा जिथला आहे तो जिल्हा निवडावा.

गाडीसाठी दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. शुल्कही किमतीवर ठरतं: ५ लाखांपर्यंत काही नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० रुपये, ५० लाखांपर्यंत १,००० रुपये. वकील सक्तीचा नाही. ऑनलाइन दाखल करायचं असेल तर ई-जागृती पोर्टल आहे.

पर्यटकांसाठी गाडी चालवणाऱ्यांनी एक वाक्य विसरू नये. व्यापारी हेतूने घेतलेली गाडी या कायद्यात बसत नाही, पण स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी घेतलेली बसते. स्वतः गाडी चालवून पोट भरत असाल तर तक्रारीत तसं स्पष्ट लिहा आणि व्यावसायिक चालकाच्या बॅजसारखा पुरावा जोडा. हे वाक्य नाही म्हणून चांगल्या तक्रारी पहिल्याच आक्षेपाला अडकतात.

सामनेवाले कोण? डीलर आणि उत्पादक दोघेही, आणि दोघांविरुद्ध वेगवेगळे आरोप. कायद्याने त्यांचं नातं दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचं धरलं जाऊ शकतं. गोव्यातल्या एका ग्राहकाच्या प्रकरणात डीलरने जुनी गाडी नवी म्हणून विकली होती. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाला सोडलं, कारण त्याचा त्यातला सहभाग तक्रारीत मांडलेला आणि सिद्ध केलेला नव्हता. म्हणून 'सामनेवाले क्र. १ व २ यांनी फसवणूक केली' असं मोघम लिहू नका. डीलरने काय केलं नाही, उत्पादकाने काय केलं नाही, हे वेगळ्या परिच्छेदांत लिहा.

मागणी पर्यायांनी मांडा. गाडी बदलून द्यावी. ते नाही तर किंमत व्याजासह परत द्यावी. तेही नाही तर सदोष भाग पूर्ण नवा बसवून त्यावर वाढीव वॉरंटी द्यावी. शिवाय फेऱ्यांचा खर्च, मनस्ताप आणि तक्रारीचा खर्च. वॉरंटीत फक्त भाग बदलण्याची हमी असेल तर त्यावरून अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये म्हटलं होतं. तिसरी मागणी तुम्ही लिहिलेली असेल तर पहिली नाकारली गेली तरी हात रिकामे राहत नाहीत. ओडोमीटरही ध्यानात घ्या. सदोष म्हणता म्हणता गाडी साठ हजार किलोमीटर चालली असेल तर नवी गाडी मागण्यात दम राहत नाही.

पायरी ९: सुनावणी आणि तडजोड

सामनेवाल्यांना उत्तराला ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. तपासणीची गरज नसलेली तक्रार तीन महिन्यांत आणि गरज असलेली पाच महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त वेळ जातो, तशी मनाची तयारी ठेवा. तारखेला हजर राहा. पुराव्याचं शपथपत्र आणि लेखी युक्तिवाद वेळेत द्या. निकाल विरुद्ध गेला तर राज्य आयोगाकडे अपिलाला ४५ दिवस आहेत. निकाल आपल्या बाजूने लागूनही कंपनी पाळत नसेल तर दरखास्त (आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज) दाखल करायची; आदेश न पाळणाऱ्याला कैद किंवा दंडाची तरतूद आहे.

पुष्कळ प्रकरणांत मधेच तडजोडीचा निरोप येतो. चांगली असेल तर जरूर घ्या, पण कागद स्वतः वाचा. 'संपूर्ण व अंतिम समाधान' या ओळीखाली आधी सही आणि मग दुरुस्ती, असा क्रम कधीही स्वीकारू नका. बदललेल्या भागाचा क्रमांक, त्याची वॉरंटी कधीपर्यंत, आणि तोच दोष पुन्हा आला तर काय, हे तिन्ही लिहून घ्या आणि तडजोड आयोगासमोर नोंदवा.

पाणी येणाऱ्या गाडीची तडजोड बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत पुढे येते, कारण तेव्हा गाडी कोरडी ठणठणीत असते. अशा वेळी अटीत लिहून घ्या की ३१ जुलैपर्यंत आत पाणी आलं नाही तरच तक्रार निकाली काढावी, आणि पुढची तारीख ऑगस्टची मागा.